अकराव्या प्रकरणातली बाई

“आता अकराव्या प्रकरणाकडं येते,” असं म्हणून मी पुस्तक उघडलं आणि क्लबच्या हॉलमध्ये बसलेल्या चौदा माणसांकडं एकदा बघून घेतलं. १९९६ सालच्या मे महिन्यातला दुसरा शनिवार होता. दुपारचे साडेचार वाजले असतील. आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत एक वाचक मंडळ होतं. महिन्यातून एकदा कुणीतरी एका पुस्तकावर बोलायचं, मग चहा आणि चिवडा. त्या महिन्यात माझी पाळी होती, आणि पुस्तक आमच्यातल्याच एकाचं होतं. मुकुंद आराध्ये, कारखान्याच्या प्रयोगशाळेतले केमिस्ट. उंच, वाकलेले, चाळिशीतले, एकटे राहणारे. त्यांनी स्वतःच तीनशे प्रती छापून घेतल्या होत्या. नाव ‘चुन्याची खूण’. ते मागच्या रांगेत, खिडकीशी बसले होते.

“ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते,” मी म्हणाले. “शंभर वर्षांनंतरचं एक शहर. दर महिन्याला प्रत्येकानं पाण्याच्या टाकीशी जाऊन बोटातल्या रक्ताचा एक थेंब यंत्राला द्यायचा. यंत्राला त्यात काही खोट दिसली, की त्या घराच्या दारावर चुन्याची एक उभी रेघ ओढली जाते. तुरुंग नाही, पोलीस नाही, दंड नाही. कायद्यात एकच कलम आहे. खूण असलेल्या घरातली माणसं दिसत नाहीत. म्हणजे दिसतात, पण बघायचं नाही. बोलली तर ऐकायचं नाही.”

“बापरे,” पुढच्या रांगेतल्या शेटे वहिनी म्हणाल्या.

“अकराव्या प्रकरणात अशा घरातली एक बाई रिकामी कळशी घेऊन बाहेर पडते. तिला नाव नाही, नुसता आकडा. चार हजार एकशे बारा. ती एका रांगेतल्या चाळीस घरांची दारं वाजवते आणि पाणी मागते. आणि प्रत्येक दाराआड माणूस श्वास रोखून उभा आहे. कुणी पोराच्या तोंडावर हात दाबून, कुणी स्टोव्ह बंद करून. बावीस पानं हेच. चाळीस दारं, आणि एकही उघडत नाही.” मी पुस्तक मिटलं. “का उघडत नाही? तर लेखकाला उघडू द्यायचं नाही म्हणून. त्या दारांना कुलपं शहरानं लावलेली नाहीत, आराध्यांनी लावलीत.”

सगळे हसले. आराध्येही हसले. मला जोर चढला.

“माणसं भित्री असतात, स्वार्थी असतात, मान्य. पण चाळीसच्या चाळीस? ज्या ओळीत वर्षानुवर्षं वाटीभर साखर इकडून तिकडं गेली, त्या ओळीत? खऱ्या जगात एक तरी दार उघडतं. या कादंबरीत सगळं काही आहे, फक्त माणूस नाही.”

टाळ्या पडल्या. अध्यक्ष चौगुले साहेब म्हणाले, “बाईंनी अगदी भट्टी जमवली!” मग रिवाजाप्रमाणे त्यांनी लेखकाला काही बोलायचंय का, विचारलं. आराध्ये उठले आणि खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

“बोलायचं काही नाही. एक विचारायचंय. बाई, तुम्ही त्या ओळीत राहत असता तर?”

“तर मी उघडलं असतं,” मी म्हणाले. “त्यात विचार करण्यासारखं काय आहे?”

“तुमचं म्हणणं खरं ठरो,” ते म्हणाले आणि खाली बसले.

घरी जाताना मी खुशीत होते. पण एक गोष्ट मी त्या हॉलमध्ये सांगितली नव्हती. ते पुस्तक मला झेपलं नव्हतं. दोन दुपारी बसून वाचलं, आणि तिसऱ्या दिवशी कामवालीनं कडी वाजवली तेव्हा माझा हात कडीपर्यंत जाऊन थांबला. क्षणभरच. पुढचे आठ-दहा दिवस शाळेतून येताना मी ओळीतली दारं मोजत यायचे. अकराव्या प्रकरणातलं एक वाक्य तर काही केल्या जाईना. ‘तिला वाटलं, आपण आवाजच केला नसेल.’ भांडी विसळताना, फळ्यावर लिहिताना ते मनात यायचं. एका साध्या केमिस्टानं लिहिलेल्या पुस्तकानं मला असं पछाडावं, याचा मला राग आला होता. त्या दिवशी मी जे बोलले ते पुस्तकावर नव्हतं, त्या रागातून होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि आराध्यांची धाकटी बहीण त्यांच्याकडं राहायला आली. प्रमिला. तिशीच्या आतबाहेरची, बारीक अंगाची, बोलायला मोकळी. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता. बरोबर मुलगी होती, केतकी. ती चौथीत, म्हणजे माझ्याच वर्गात आली. माझी ऋताही त्याच वर्गात होती. आठवडाभरात दोघी एका बाकावर बसायला लागल्या, आणि महिन्याभरात केतकी आमच्या स्वयंपाकघरात ताट घेऊन स्वतः वाढून घ्यायला लागली. गणितात अशी पोर मी तोवर पाहिली नव्हती. उदाहरण सांगून संपायच्या आत उत्तर द्यायची आणि मग ओठ आवळून बसायची, जणू काही चुकून बोलून गेलीय. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला मी तिचं नाव सगळ्यात आधी घातलं.

प्रमिला भरतकाम फार सुरेख करायची. ऋताच्या परकराच्या काठावर तिनं उसाची पानं काढून दिली होती. एकदा माझ्या ओट्याशी उभी राहून शेंगा सोलता सोलता ती म्हणाली, “यायच्या आधी मी फार घाबरले होते बाई. पण दादा म्हणाला, काही काळजी करू नको. आपण बिडकर बाईंच्या ओळीत आहोत.”

“म्हणजे काय?” मी हसून विचारलं.

“मला काय माहीत? तोच म्हणाला.” तीही हसली.

मी ते कौतुक म्हणून घेतलं.

जानेवारीत बातमी फुटली. कुठून ते कधीच कळलं नाही. प्रमिलाच्या नवऱ्याला एड्स होता, आणि तिलाही आहे. केतकीला नाही, हेही त्याच बातमीत होतं, पण तेवढं कुणी पुढं सांगितलं नाही.

कॉलनीत कुणी ओरडलं नाही, भांडलं नाही. कुणी कुणाला काही सांगितलंसुद्धा नाही. गळिताचा हंगाम जोरात होता, भोंगा वेळेवर वाजत होता, मळीचा वास नेहमीसारखा येत होता. फक्त आराध्यांच्या दारात दूधवाल्या आक्का थांबेनाशा झाल्या. संध्याकाळी पारावर बायका बसायच्या, तिथं प्रमिला आली की एकेकीला घरचं काम आठवायचं. शाळेत केतकीच्या बाकावर तिच्याजवळ फक्त ऋता उरली होती. मग एके दिवशी ऋताही पुढच्या बाकावर जाऊन बसली. मी तिला तसं सांगितलं नव्हतं. पण परत जाऊन बस, असंही सांगितलं नाही.

मी शेटे वहिनींना एकदा म्हणाले, “वहिनी, नुसतं बोलण्यानं, शिवण्यानं काही होत नाही हो.”

“मग आम्ही कुठं काय म्हणालोय?” त्या म्हणाल्या. “एक शब्द तरी वाकडा बोललंय का कुणी त्यांना?”

ते खरंच होतं. कुणीच बोललं नव्हतं.

मला सगळं माहीत होतं, हे इथंच सांगून टाकते. मी विज्ञान शिकवत होते. तो रोग कसा होतो आणि कसा होत नाही, याचा तक्ता मी स्वतःच्या हातानं रंगवून शाळेच्या व्हरांड्यात लावला होता. तो तिथंच होता. पालक त्याच्याखालून सभेला आले.

सभेत पालकांचं म्हणणं एकच होतं, केतकीला शाळेत घेऊ नये. मुख्याध्यापकांनी माझ्याकडं बघितलं. “बाई, तुम्ही वर्गशिक्षिका. शिवाय पालकही. तुम्हीच सांगा काय ते.”

मी उभी राहिले. समोर साठेक माणसं होती. शेती खात्यातले, बॉयलरवरचे, हिशेबनिसांकडचे. माझे यजमान दाराशी उभे होते. मी म्हणाले, “शास्त्राप्रमाणे धोका नाही. पण पालकांच्या भावनांचाही विचार व्हायला हवा.”

एवढंच बोलून मी बसले. त्यातलं पहिलं वाक्य कुणी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. केतकीला वार्षिक परीक्षेपर्यंत घरीच अभ्यास करू द्यावा, असं ठरलं.

शिष्यवृत्तीची परीक्षा फेब्रुवारीत एका रविवारी होती. केंद्र तालुक्याच्या गावी, आणि प्रवेशपत्रं शाळेच्याच ताब्यात. शाळेनं मुलांसाठी जीप ठरवली होती. केतकीनं जीपमध्ये बसायचं की नाही, हा प्रश्न आला तेव्हा मुख्याध्यापकांनी त्यांच्या परीनं वाट काढली. जाणाऱ्या मुलांच्या पालकांपैकी एकानं जरी हरकत नाही असं लिहून सही दिली, तर तिला नेतो. एक सही.

परीक्षेच्या आधीचा गुरुवार होता आणि मला दुपारची सुट्टी होती. ऋता मैत्रिणीकडं गेली होती. मी पेपर तपासत बसले होते. सव्वादोनच्या सुमाराला फाटक वाजलं. पडद्याच्या फटीतून बघितलं तर प्रमिला होती, केतकीचा हात धरून. तिनं इस्त्रीची साडी नेसली होती. दुसऱ्या हातात कागद होता.

मी उठले. दारापर्यंत गेले. आणि तिथंच उभी राहिले.

कडी वाजली. एकदाच, हळू.

“बाई, मी प्रमिला. आत येत नाही मी. इथूनच बोलते.”

माझ्या डोक्यात त्या वेळी काय होतं ते मी पुढं अनेकदा आठवून बघितलंय. भीती होती असं म्हणावं तर तीही नव्हती. सही केली असती तर संध्याकाळी पारावर काय झालं असतं, यजमानांना ऑफिसात कोण काय बोललं असतं, ऋताच्या शेजारी कोण बसलं असतं, एवढंच काहीतरी घरगुती आणि बारकं. त्यापेक्षा मोठं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

“बाई?”

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी श्वास रोखलाय. छातीत हवा भरून, ओठ मिटून, एक हात भिंतीला टेकवून मी उभी होते. बावीस पानांतली एक ओळ होते मी. आराध्यांनी मला समोर बघून लिहिली असती तरी ती इतकी बरोबर उतरली नसती.

“केतू, खिडकीतून बघ गं जरा,” बाहेरून आवाज आला. “बाई आहेत का आत?”

खिडकी दाराच्या उजव्या हाताला होती. तिचा पडदा पुरता सरकत नसे, हे केतकीला ठाऊक होतं. आमच्या घरात ती आठ महिने वावरली होती. मला बाजूला होता आलं असतं. मी हललेच नाही. पडद्याच्या कडेला आधी तिची बोटं दिसली, मग चेहरा. तिनं माझ्याकडं बघितलं. मीही बघितलं. तिचे ओठ उदाहरण सोडवून झाल्यावर मिटायचे तसे मिटले.

“नाहीत,” ती म्हणाली. “कुणी नाही, आई.”

“शाळेत असतील,” प्रमिला म्हणाली. “बाई असत्या तर उघडलंच असतं. चल.”

फाटक लागल्याचा आवाज आला. मग शेजारच्या घराची कडी वाजली. मी तिथंच जमिनीवर बसले.

रविवारी ऋताबरोबर मी जीपपर्यंत गेले. केतकी नव्हती.

त्या गुरुवारनंतर बारा दिवसांनी आराध्यांनी नोकरी सोडली. हंगामाच्या मध्यात केमिस्टानं नोकरी सोडणं साधी गोष्ट नव्हती, पण त्यांना कुणी थांबवलं नाही. सकाळी नऊच्या सुमाराला त्यांच्या दारात टेम्पो लागला. सामान ते एकटेच चढवत होते. प्रमिला आणि केतकी आदल्या दिवशीच गेल्या होत्या. मी माझ्या पायरीवर उभी राहून बघत होते, आणि बघता बघता त्यांच्या दारापर्यंत चालत गेले. कॉलनीतल्या सगळ्या खिडक्या माझ्या पाठीला लागल्या होत्या. बारा दिवस उशिरा मला त्यांचं काही वाटलं नाही.

“आराध्ये, मी…”

“या बाई.” त्यांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. “बरं झालं भेट झाली. तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं.”

मला वाटलं, आता ते मला टाकून बोलतील, आणि त्यांनी बोलावं असंच मला वाटत होतं.

“ते पुस्तक पुढच्या काळाबद्दल नव्हतं,” ते म्हणाले. “प्रमिलाच्या सासरी जे झालं ते मी लिहिलं. गाव तिचंच, ओळ तिचीच. कळशी घेऊन ती खरंच फिरली होती. सार्वजनिक नळावर तिला येऊ देत नव्हते. मी नावं काढली आणि सगळं शंभर वर्षं पुढं नेऊन ठेवलं, म्हणजे वाचताना कुणाला राग येणार नाही.”

“मग छापलं कशाला?”

“तिला इथं आणू की नको, ठरत नव्हतं. सरळ कुणाला विचारणार? म्हटलं, पुस्तक वाचायला देऊ. लोक काय म्हणतात बघू. तुम्ही त्या दिवशी बोललात, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी जाऊन तिला पत्र टाकलं, ये म्हणून.”

मी त्यांनी खाली ठेवलेल्या खुर्चीची पाठ धरली.

“तुम्हाला दोष देत नाही हं,” ते घाईघाईनं म्हणाले. “चूक माझी. वाचकाचं मत मी पुरावा म्हणून धरलं. केमिस्ट असून. आम्ही साधा रस तपासतो तरी तीन वेळा तपासतो.”

“चहा घेऊन जा,” मी म्हणाले.

त्यांनी माझ्या घराकडं बघितलं. मी घाईत आले होते, दार सताड उघडं राहिलं होतं. ते थोडा वेळ त्या दाराकडं बघत राहिले.

“आता नको,” ते म्हणाले. “टेम्पोवाला खोळंबलाय.”

ती माणसं कुठं गेली ते मी शोधलं नाही. शोधता आलं असतं. आम्ही पुढं सांगलीला घर बांधलं, ऋताचं लग्न झालं, मी निवृत्त झाले. वाचनाची आवड होती ती कमी होत गेली. पुस्तक उघडलं की कुठल्याही गोष्टीत एक दार यायचं, आणि त्यामागं कोण उभं आहे हे लेखकानं सांगायच्या आधी मला दिसायचं. पण त्याहूनही मला छळायचा तो त्या पोरीचा आवाज. ‘कुणी नाही, आई.’ दहा वर्षांच्या मुलीनं मला समोर बघून असं का म्हणावं? घाबरली? माझ्यावरची माया म्हणून मला पाठीशी घातलं? की तिच्या लेखी त्या क्षणी खरंच तिथं कुणी नव्हतं? सतरा वर्षं हे तीन प्रश्न मी आलटून पालटून विचारले, आणि खरं सांगायचं तर मधल्या प्रश्नावर मला जास्त वेळ रेंगाळावंसं वाटायचं.

२०१४ साली पेपरात आराध्ये गेल्याची बातमी वाचली. खाली भाचीचं नाव होतं आणि सोलापूरच्या एका कॉलेजचं. ती तिथं गणित शिकवत होती. मी महिनाभर थांबले आणि मग एस.टी.त बसले.

स्टाफरूममध्ये ती एकटीच होती. उंची मामाची आली होती. मी नाव सांगायच्या आधीच उठून उभी राहिली.

“बिडकर बाई.”

“ओळखलंस?”

“हो. बसा.” पाणी दिलं. आई नव्याण्णव साली गेली, तिनं सांगितलं. शेवटपर्यंत मामाकडंच होती. “तुमची आठवण काढायची. त्या कॉलनीत एकच बाई बरी होती, म्हणायची. नेमकी त्या दिवशी घरी नव्हती.”

मी तिथवर आले होते ती माफी मागायला. शब्दही ठरवून ठेवले होते. पण ते ऐकल्यावर माझ्यानं ते उच्चारवेनात. मी म्हणाले, “केतकी, त्या दिवशी मी आत होते. तू मला बघितलंस.”

“बघितलं.”

“मग आईला का नाही सांगितलंस?”

तिनं टेबलावरचे पेपर सारखे करून ठेवले. तिला आठवावं लागत नव्हतं, हे मला दिसत होतं.

“तुमच्या आधी पाच दारं झाली होती,” ती म्हणाली. “आईला धाप लागत होती. पाचव्या घरानंतर ती म्हणाली, आता फक्त बाई. बाई नाही म्हणणार नाहीत. तुम्ही आत आहात असं मी सांगितलं असतं ना, तर ती तिथंच तुमच्या पायरीवर बसली असती. उठलीच नसती परत. आणि पुढची तीन घरं राहिली होती.”

“म्हणून?”

“म्हणून.” तिनं पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता, मायाही नव्हती. “मला त्या परीक्षेला बसायचं होतं, बाई.”